बोटीवर काय काय चढतं

इशिकुरा यासुनोरी हट्टी होता, हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस गेला की त्याचं सगळंच गोड होऊन बसतं, आणि आपल्याला कुणी गोड म्हटलेलं त्याला खपलं नसतं. आमच्या मात्सुएत प्रोग्राम लिहिणारे काय कमी आहेत? रुबी ही संगणकाची भाषा इथे घरचीच. पालिकेच्या करापासून तळ्यातल्या शिंपल्यांच्या सोसायटीपर्यंत सगळं तिच्यात चालतं. पण चार प्रोग्रामर जमले आणि वाद पेटला, की काडी टाकणारा हात बहुतेक इशिकुराचा असायचा.

वाद जुनाच. ह्या भाषेत एखाद्या गोष्टीला नाव दिलं की भागतं. ती आकडा आहे, तारीख आहे की आणखी काही, हे कुठे लिहून द्यावं लागत नाही. काम करते ना, मग करू दे. नव्या मंडळींना हे मोघम वाटायचं. त्यांचं म्हणणं, प्रत्येक गोष्टीशेजारी तिचा प्रकार लिहून ठेवावा, म्हणजे तपासनीस म्हणून एक प्रोग्राम असतो तो सगळं आधीच वाचून चुका दाखवेल. महिन्याच्या बैठकीला सोबा शेवयांच्या दुकानात हा विषय निघाला की इशिकुरा वाडगा खाली ठेवायचा. "लग्नाला आलेल्या पाहुण्याला दारात अडवून कूळ विचारता का रे? त्याला जेवता येतं ना? मग बसू द्या की पंगतीला." पोरं हसायची आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा.

हे तत्त्व त्याने पुस्तकातून उचललं नव्हतं. तो ओकीच्या बेटांवरचा. बाप धक्क्यावर वासरं बोटीत चढवायचा, आणि बापाचं म्हणणं असं की चढणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत, वजन किती आणि जागा किती. बाकीचं विचारत बसलात तर बोट निघून जाईल. पुढे इशिकुरा इकडे आला, बेटांच्या बोटींचा आरक्षणाचा प्रोग्राम त्याने लिहिला, तोही तसाच. माणूस चढो, मोटार चढो, वासरू नाहीतर खोकं चढो, प्रोग्रामाला दार एकच आणि त्या दारात प्रश्न दोनच. वीस-पंचवीस वर्षं बोटी त्याच्यावर बिनबोभाट चालल्या.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत फुकुमा चिझुरू बसायची. आधी ती मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर होती. तिशीत हे काम शिकायला आली आणि जे शिकली ते त्याच्याकडून. डोकं तल्लख, हात स्वच्छ. दोष म्हणाल तर एकच, आणि आमच्याकडे त्याला कुणी दोष म्हणत नाही: आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको. गरम पाण्याच्या थर्मासपुढे कुणी गप्पा मारत उभं असलं तर ही कप घेऊन मागे थांबायची, पण जरा सरका म्हणायची नाही. इशिकुरा तिथून ओरडायचा, "अरे, ती उभी आहे तिकडे! ती बोलणार नाही, तुम्हीच बघा." आणि तिला म्हणायचा, "चिझुरू, तोंड दिलंय ना देवाने? विचारायला दिलंय ते."

मग त्याला फुप्फुसाचं दुखणं निघालं. निघालं तेव्हाच उशीर झाला होता. नेमकं त्याच सुमाराला बोटवाल्यांनी ठरवलं की प्रोग्राम पुढे हिरोशिमाच्या एका मोठ्या कंपनीने सांभाळावा. हिरोशिमावाल्यांची अट साधी होती. लिहिणारा माणूस राहणार नसेल तर त्याचं कोड आम्हाला वाचता आलं पाहिजे, तेव्हा सगळ्याला प्रकार लिहून द्या. आणि पळवाट चालणार नाही. पळवाट म्हणजे असं की, एखाद्या गोष्टीचा प्रकार ठाऊक नसला तर तिथे 'काहीही' असं लिहिता येतं, आणि मग तपासनीस गप्प बसतो. आळशांना ते फार सोयीचं. हिरोशिमावाल्यांनी लिहून कळवलं की 'काहीही' एकसुद्धा नको.

ऑफिसचे प्रमुख नोनोमुरा. त्यांनी हे काम चिझुरूला दिलं. त्याच्या डोक्यात जे आहे ते उतरवून घे, म्हणाले, आणि लवकर घे. लवकर का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मरणाऱ्या माणसाकडे जाऊन खोक्याच्या वजनाचं विचारायचं, ह्याची तिला किती लाज वाटली असेल! पहिल्या दिवशी ती छत्री हातात धरून इस्पितळाच्या दाराशीच घुटमळत होती. इशिकुराची बायको किनुए खाली चहा घ्यायला आली होती, तिने बघितलं आणि दंडाला धरून वर नेलं. "बरं झालं आलीस. कालपासून छताकडे बघून कंटाळलाय. काहीतरी विचार त्याला."

चिझुरूने कागद काढले तसा इशिकुरा उशीवरून उठून बसला. सारी हयात प्रकारवाल्यांना टोमणे मारले, म्हणाला, त्याची फेड चाललीय ही. पण डोळे चमकत होते. मग ती रोज संध्याकाळी जायला लागली. ती कोडातली एकेक जागा दाखवायची आणि इथे काय येतं म्हणून विचारायची, तो सांगायचा. समुद्रशेवाळाची पोती सकाळी एक वजनाची असतात आणि दुपारी वाळून दुसऱ्याच, म्हणून तिथे एक आकडा नाही, दोन आकडे येतात. तान्हं मूल आईच्या मांडीवर बसतं, त्याला जागा नाही, पण नाव आहे. असं एकेक. ती लिहून घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी तपासनीसाने चुकांखाली मारलेल्या लाल ओळी तेवढ्या कमी झालेल्या असायच्या.

एकदा गुरांपाशी अडलं. बाकी सगळ्या जनावरांचं वजन आकड्यात होतं, पण काही बैलांचं वजन रिकामंच येत होतं. चिझुरूला वाटलं चूक असणार. इशिकुरा हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. चूक नव्हे गं, म्हणाला, ते झुंजीचे बैल. झुंज व्हायच्या आधी मालक बैलाचं वजन सख्ख्या भावाला सांगत नाही, तो तुझ्या संगणकाला सांगणार? बोटीवरचा माणूस नजरेने अंदाज घेतो आणि बैलाला मधोमध बांधतो. "तेव्हा तिथे लिही, वजन असेल किंवा नसेल. नसलं तर विचारायचं नाही."

तिने तसं लिहिलं. किनुए संत्रं सोलत बसली होती, ती म्हणाली की लग्नाला इतकी वर्षं झाली पण हा इतका बोललेला आजच पाहिला.

त्याच संध्याकाळी चिझुरू निघाली तेव्हा त्याने तिला परत बोलावलं. म्हणाला, "ती पोरं म्हणतात ते खोटं नव्हतं. मी आपला वाद घालत राहिलो. मला लिहायची गरज नव्हती, कारण अडलंच तर माझी खुर्ची तुझ्या शेजारी होती." मग पुढे म्हणाला, "एक मात्र ध्यानात ठेव. माझ्या कोडात शोधून एखादी गोष्ट सापडली नाही, म्हणजे ती नाही, असं समजू नकोस. मला विचार. आहे तोवर विचार." ती हो म्हणाली. खाली येऊन सायकलीच्या कुलपाशी ओणवी होऊन बराच वेळ रडली, आणि मग घरी गेली.

पानं गळायला लागली आणि कागदावरचे प्रश्नही संपत आले. शेवटी एकच उरलं. कोडाच्या एका कोपऱ्यात एक लहानसा तुकडा होता, त्याचं नाव त्सुरे, म्हणजे सोबत. वजन काही नाही, भाडं काही नाही, जागा मात्र एक. हे काय असावं? तान्ह्या मुलाचा प्रकार वेगळा होता. आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचाही वेगळा होता. तिने प्रश्न लिहून घेतला आणि नेहमीच्या वेळी इस्पितळात गेली.

इशिकुरा झोपला होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आत्ता कुठे औषधाने लागलाय, असं किनुए कुजबुजली. मग चिझुरूच्या हातातला कागद बघून म्हणाली, "उठवू का? तू आलीस म्हटल्यावर चिडणार नाही तो."

चिझुरूने त्याच्याकडे बघितलं. तोंड किंचित उघडं होतं आणि कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच गेल्या होत्या. "नको नको. उगीच कशाला त्रास? एवढं महत्त्वाचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी ताप चढला म्हणून भेट बंद झाली. तिसऱ्या दिवशीही बंदच होती. इकडे नोनोमुरा सकाळ-संध्याकाळ टेबलाशी येऊन उभे राहायचे, कारण हिरोशिमावाले थांबले होते. तपासनीसाची एकच लाल ओळ उरली होती, ती त्सुरेची. 'काहीही' लिहायची सोय नव्हती. मग तिने सगळं कोड धुंडाळलं. ते नाव कुणी कुठे वापरलेलंच नाही. ते नीट चालतं का हे बघणारी एक चाचणीसुद्धा लिहिलेली नाही. तिला वाटलं, कधीतरी काहीतरी करून बघितलं असेल आणि तसंच राहून गेलं असेल. त्याचं ते बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण तापाने फणफणलेल्या माणसाला दाराबाहेरून निरोप पाठवायचा, आणि तो कशासाठी, तर जे कुणी वापरत नाही त्याच्यासाठी? तिने तो तुकडा पुसला. तपासनीस पहिल्यांदाच स्वच्छ झाला. मागे उभ्या असलेल्या नोनोमुरांनी टाळी वाजवली, नवा प्रोग्राम तिकिटांच्या खिडक्यांवर चालू झाला, आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी मिठाई आली.

किनुएचा फोन आला तेव्हा चिझुरूने निरोप दिला की सगळं झालं, आता त्यांनी निवांत पडावं.

तो निवांत पडला. त्यानंतर तीन-चार दिवसांत गेलाच.

दहन मात्सुएतच झालं. बेटकऱ्यांचं असंच होतं. दुखणं मोठं झालं की इकडच्या इस्पितळात यायचं आणि इकडेच संपायचं. अस्थी मात्र गावी जातात. आईबापांच्या शेजारी जागा ठेवलेली असते. किनुए अस्थींचं मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून, गळ्यात अडकवून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून धक्क्यावर आली. ते ओझं जमिनीवर टेकवायचं नसतं. तिचे हात संधिवाताने वाकलेले, म्हणून चिझुरू तिची पिशवी घेऊन बरोबर होती. सुट्टीचे दिवस होते. जलद बोटीच्या खिडकीपुढे ही रांग, गळ टाकायला निघालेले लोक, नातवंडांना भेटायला निघालेल्या म्हाताऱ्या.

खिडकीत हामादा होती, तिथे कैक वर्षं बसणारी बाई. पांढरं फडकं दिसताच ती उभी राहिली आणि वाकली. इशिकुराला ती ओळखायची. प्रोग्राम अडला की त्यालाच फोन करायची. मग बसून तिने सवयीने बोटं चालवली, आणि थांबली. पुन्हा चालवली. पुन्हा थांबली. आज ह्याला झालंय तरी काय, असं स्वतःशीच म्हणाली. काचेतून चिझुरूला पडदा दिसत होता. हामादाने टाइप केलेला शब्द होता त्सुरे. त्याच्याखाली लिहून आलं होतं, असा प्रकार नाही.

चिझुरूने हळूच विचारलं, "हामादासान, हे कशासाठी असतं?"

"अस्थींसाठी," हामादा मान वर न करता म्हणाली. "घरचं माणूस बरोबर नेत असतं ना, त्याच्या शेजारची खुर्ची ह्यांना मिळते. तिकीट नाही पडत. मी इथे आले तेव्हापासून आहे."

ते नाव कोडात आणखी कुठे वापरलेलं का सापडलं नव्हतं तेही चिझुरूला त्या क्षणी कळलं. खिडकीतली बाई जो शब्द टाकेल तो घेऊन प्रोग्राम आयत्या वेळी त्या नावाचा तुकडा हुडकायचा. माणसं, मोटारी, गुरं ह्यांची नावं भाड्यासाठी आणखीही ठिकाणी लिहिलेली होती. सोबतीला भाडंच नव्हतं, मग तिचं नाव लिहिणार कोण?

हामादाने सगळं करून बघितलं. प्रवासी म्हणून घालावं तर प्रोग्राम जन्मतारीख विचारणार, बोटीवर जिवंत माणसांच्या यादीत नाव जाणार, आणि बोट पोचल्यावर डोकी जुळणार नाहीत. मोटार नाही, गुरं नाहीत. उरलं पार्सल. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं, किनुएकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत बोटीवरची शेवटची खुर्चीही, किनुएच्या शेजारची, विकली गेली. हामादाचे डोळे भरून आले. तिने चार वेळा माफी मागितली.

"असू दे गं. मांडीवर घेईन," किनुए म्हणाली.

रांगेतून बाजूला होऊन दोघी बाकावर बसल्या. किनुए सांगत होती. इशिकुराची आईही अशीच इकडे इस्पितळात वारली होती, तेव्हा तो तरुण होता. अस्थी घेऊन बोटीवर चढला तर बोट गच्च भरलेली, आणि तिकिटं बघणारा म्हणाला की सामानाच्या फळीवर ठेवा. आईला फळीवर ठेवणार? बेट येईपर्यंत उभा राहिला तो, मडकं छातीशी धरून. समुद्र खवळलेला होता. प्रोग्राम लिहायचं काम त्याच्या हातात आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर हे. बोटवाल्यांनाही विचारलं नाही, फक्त खिडकीतल्या बायकांच्या कानावर घातलं.

"आणि तुझा निरोप सांगितला ना मी, सगळं झालं म्हणून," किनुए म्हणाली, "तेव्हा शुद्धीत होता चांगला. म्हणाला, त्सुरेचं तिने विचारलं नाही ते? मी म्हटलं, आली होती, तू झोपला होतास. तर हसला. म्हणाला, विचारावं लागलंच नसेल. माझ्या हाताखालची आहे, कळलं असेल तिला तिचं. मग किती शांत झोपला." तिने फडक्याची गाठ सारखी केली. "आज मशीन बिघडलं बघ नेमकं. तो असता तर फोनवर ओरडून ओरडून सुरू करून घेतलं असतं."

चिझुरूने तोंड उघडलं. मशीन बिघडलेलं नाही, मी पुसलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्याचं ते शेवटचं हसूही पुसलं जाणार होतं, आणि आता ह्या बाईजवळ दुसरं होतं काय? तिने तोंड मिटलं.

बोट लागली. चिझुरू पिशवी घेऊन आतपर्यंत गेली. किनुएची खुर्ची खिडकीशी होती. शेजारच्या खुर्चीत एक मासेमारीचा हौशी गृहस्थ येऊन बसला, हातात गळाच्या काठ्या. पांढरं फडकं बघून त्याने मान लववली आणि अंग चोरून घेतलं. त्याचा काय दोष? खुर्ची त्याने रीतसर घेतलेली. चिझुरू किनुएच्या कानाशी वाकली. मी ह्यांना विचारते, म्हणाली, दुसरीकडे बसाल का म्हणून, सांगते त्यांना काय आहे ते. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी सरका म्हणायला तयार झाली होती.

किनुएने तिचा हात दाबला. "नको गं. उगीच कशाला त्रास?"

बोट सुटली. बाहेर समुद्र चांगलाच उसळत होता. काचेतून किनुए दिसली तोवर दिसली, वाकलेल्या हातांनी मडकं मांडीवर घट्ट धरून बसलेली. इतकी वर्षं ज्याने सगळ्या बेटाच्या मेलेल्यांना खुर्ची दिली, त्याला स्वतःला ती मिळाली नाही.

चिझुरू तशीच ऑफिसला आली. तुकडा परत घालायला कितीसा वेळ लागणार? पुसलेलं सगळं जुन्या प्रतीत असतंच. ह्या वेळी तिने प्रकारही लिहिला: वजन नाही, भाडं नाही, जागा एक, आणि कायम एका प्रवाशाच्या शेजारी. प्रोग्रामाच्या त्या एका दारावरही लिहिलं, काय काय चढतं: प्रवासी, मोटार, गुरं, पार्सल आणि सोबत. चाचणी लिहिली. तपासनीसाने काहीच हरकत घेतली नाही. हिरोशिमाहून फोन आला की हे नवीन काय, प्रवासी धरायचं की सामान? तिने सांगितलं, माणसाच्या अस्थी. पलीकडचा मुलगा म्हणाला, असू दे मग तसंच.

पुढच्याच आठवड्यात हामादाचा फोन आला. सकाळच्या बोटीने एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन गेले, खुर्ची व्यवस्थित मिळाली, मशीन आता ठीक चाललंय, धन्यवाद. चिझुरूने बसल्या जागी वाकून तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. नोनोमुरा जेवायला गेले होते, ऑफिसात कुणी नव्हतं. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"इशिकुरासान," ती म्हणाली, "मला नव्हतं हो कळलं. मी विचारलंच नाही."